पाटावरची कोरफड

तुंगार्ली, लोणावळा
२ जून २०२५

चि. रखमाजीस,

(मी तुझ्याहून अकरा दिवसांनी वडील आहे, तेव्हा हा 'चि.' निमूट सोस.)

आमच्या घरात एक घोर अन्याय झाला आहे आणि दाद मागायला तुझ्याशिवाय दुसरं न्यायासन मला दिसत नाही. माझा पाट गेला. सागवानी, पितळी फुल्यांचा, बत्तीस वर्षं ज्यावर बसून मी जेवलो तो. चोरीला गेला असता तर चोराच्या रसिकतेचं कौतुक तरी केलं असतं. पण तो अरुंधतीने उचलून गच्चीत नेला आणि त्याच्यावर कोरफडीची कुंडी ठेवली. मला टेबलाशी खुर्चीवर बसवलं. मी अपील केलं तर म्हणाली, "पाटावरून उठताना तुम्ही ओरडता. शेजारच्या बंगल्यातले पर्यटक परवा विचारत होते, इथे कुणाला मारतात का." आता रोज सकाळी गच्चीत जातो तेव्हा ती कोरफड माझ्या जागी ऐसपैस बसलेली असते आणि मी, बत्तीस वर्षांचा मालक, तिच्यापुढे उभा.

मूळ दोषी अर्थात माझा उजवा गुडघा. तीस वर्षं पोरांकडून संस्कृतचे शब्द चालवून घेतले, आता मास्तरच चालेना. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला. आतली गादी झिजली आहे, हाड हाडाला लागतं आहे. गुडघा बदलायला मी अजून तरुण आहे म्हणाले. छप्पन्नाव्या वर्षी हे विशेषण कानाला गोड लागलं, पण त्यामागून त्यांनी जे सांगितलं ते ऐक. माझ्या पोटाची चरबी बारीक नळीने ओढून घ्यायची, धुवायची, अगदी बारीक करायची आणि सुईने माझ्याच गुडघ्यात घालायची. जागेपुरती भूल. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. मी त्यांना म्हटलं, आपल्या जुन्या वैद्यांनी मेदानंतर अस्थी असाच धातूंचा क्रम लावलाय, तेव्हा तुम्ही फार नवं काही सांगत नाही. ते म्हणाले, "सर, हाड वगैरे होत नाही. दुखणं कमी होतं. तेही सगळ्यांचं नाही." विनयी माणूस. मला विनयी डॉक्टरांची धास्ती वाटते.

तारीख बारा जून ठरली आहे. इतकी वर्षं लोकांनी ज्या पोटाला नावं ठेवली त्याचा अखेर उपयोग होणार. भीती वगैरे काही नाही, सहज कळवलं.

कंपनीतल्या प्रेसने तुझे कान खाल्ले, तेव्हा फोनचा प्रश्न नाही. उत्तर टपालानेच पाठव. तुमच्या कामशेतहून लोणावळ्याचा प्रवास आपलं पत्र अजूनही तीन दिवसांत करतं, चालत येत असावं.

तुझा,
त्र्यंबक


वडिवळे
७ जून २०२५

मास्तर, रामराम.

तुजं पत्र गुरवारी आलं. मी वाचून दाखवलं आन अंबूनं परत वाचाय लावलं. कोरफडीचं ऐकून लय हसली. चरबीचं आलं तवा जवळ सरकून बसली.

तुला ठाव हाय, तिचं दोनी गुडघं गेल्यात, डावा जास्ती. गेल्या साली लावणीला खाचरात वाकली ती उठंना. शेजारच्या गोरखच्या घरच्या बायांनी काखंत हात घालून वर काढली आन आमचं ऱ्हायलेलं खाचर त्यांनीच लावून दिलं. ती सावड अजून फिटली न्हाई. आपल्या खाचरात बाया आल्या तर त्यांच्या खाचरात आपन जायचं, हे काय तुला सांगायला नको. वरीसभर तिच्या मनात तेच हाय. म्हणती, मजूर लावून सावड फिटत न्हाई, माज्या हातानं लावीन.

आमचा पोरगा सत्यम म्हणतो गुडघा बदलून टाकू. ती ऐकंना. तिची थोरली भन शकुबाई, औंढ्याची, गुडघा बदलून आली ती खाटंवरच ऱ्हायली. तवापासून कापायचं नाव काढलं की अंबू उठून चुलीकडं जाती.

पन तुजं हे तिला पटलं. म्हणाली, आपलंच रोप हितनं काढून तितं लावायचं, परक्याचं काय अंगात घालायचं न्हाई. मंग म्हणाली, मास्तर भाऊजी आदी करून घेऊंद्यात. दुखतं का, मांडी घालता येती का, कामाला कवा लागता येतं, ते लिवा म्हणावं. ते लिवतील तसं मी करीन.

मास्तर, चेष्टा कर, पन खरं लिव. ती तुज्या लिवण्यावर चालनार हाय आन मला तिची काळजी लागलीय.

रखमाजी


तुंगार्ली
१६ जून २०२५

रखमाजी,

शत्रू पराभूत झाला आहे. तपशील वहिनींसाठी देतो, तू फक्त वाचून दाखव.

दुखतं का? मुंगी चावावी तितकं. तीही सुशिक्षित मुंगी. पोटाला एक टोचणी, मग नुसतं कुणीतरी पदर ओढल्यासारखं वाटतं. चरबी निघाली ती पांढरीशुभ्र, ताज्या लोण्यासारखी. मला स्वतःविषयी आदर वाटला. ती धुतली, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत गुडघ्यात घातली, आणि चहा दिला. चहा वाईट होता, एवढीच काय ती यातना.

मांडी घालता येते का? तिसऱ्या दिवशी मी गच्चीत गेलो, कोरफडीला अधिकृत नोटीस देऊन खाली उतरवलं, पाट पुसला आणि मांडी घालून आमरस-पुरी जेवलो. उठताना ओरडलो नाही. शेजारच्या पर्यटकांनी चौकशी केली नाही.

डॉक्टर घरी जाताना एक लांबलचक कागद देतात. हे करू नका, ते करू नका, ओलं करू नका, वाकू नका. तो कागद देणं हे त्यांचं कर्तव्य आहे. तो वाचणं हे आपलं कर्तव्य नाही.

तेव्हा वहिनींना म्हणावं, भिण्यासारखं काही नाही. अर्थात घाई करायचंही कारण नाही. विचार करायला पावसाळा पुरेसा लांब असतो.

हे पत्र अरुंधतीला दाखवलेलं नाही. तिला माझी वर्णनशैली अतिशयोक्त वाटते.

तुझा,
त्र्यंबक


वडिवळे
२४ जून २०२५

मास्तर,

तुज्या तोंडात साखर पडो. पत्र आलं त्याच दिवशी सत्यम आलता. अंबूनं त्याच्या हातात दिलं आन म्हणाली, वाच, मास्तरांनी सवता केलंय. पोरगं आडून बसलं न्हाई. त्यानं शनवारी तिला तुज्याच डॉक्टरकडं दाखवून आणली. येत्या शनवारी, अठ्ठावीसला तारीक हाय. आदी एकच गुडघा, डावा.

डॉक्टरला चरबी घावंना. दांड्यासारकी बाई, पोटाला चिमटा बसंना. मांडीतनं काढू म्हणाला. अंबू त्याला म्हणाली, आमच्या मास्तर भाऊजींकडं लय हाय, त्यांची घ्या. डॉक्टर हसला, म्हणाला, ज्याची त्यालाच.

तुज्या पत्राची घडी करून तिनं पेटीत ठेवलीय, मंगळसुत्राच्या डबीखाली. मी इचारलं भ्या वाटतं का, तर म्हणाली, भाऊजी तिसऱ्या दिवशी मांडी घालून जेवलं, मला काय हुतंय.

मला मातर झोप लागंना. तू करून आलाईस म्हणून बरं, न्हाईतर मी हिला सोडली नसती.

रखमाजी


तुंगार्ली
२७ जून २०२५

रखमाजी,

पत्र आत्ताच मिळालं. घाईने लिहितो.

मला वाटतं, तारीख पुढे ढकलावी. लावणी तोंडावर आहे, पावसाने जोर धरला आहे, रस्ते चिखलाचे. असल्या गोष्टी कोरड्या हवेत कराव्यात. दिवाळीनंतर उत्तम. शिवाय माझी प्रकृती आणि वहिनींची प्रकृती वेगळी, मला झालं ते त्यांना तसंच होईल असं नाही. मी लिहिलं त्यात काही ठिकाणी वर्णनाचा भाग अधिक होता. सविस्तर पुढे कधीतरी सांगेन.

शनिवारी जाऊ नका, एवढंच.

त्र्यंबक


वडिवळे
५ जुलै २०२५

मास्तर,

तुजं ढकला म्हणून पत्र सोमवारी आलं. तवर अंबू करून घरी आलेली. मला तुज्या पत्रातलं निम्मं समजलं न्हाई.

शनवारी सगळं नीट झालं. तिला दुखलं, पन ती बोलली न्हाई. मांडी काळी-निळी झालीय. तुजी पांढरी निघालेली, हिची हळदीवानी पिवळी निघाली. म्हणती, शिकल्याल्या मानसाची चरबी पांढरी असती का, ते भाऊजींना इचारा.

डॉक्टरनं कागद दिला. सारिकानं, आमच्या सुनंनं, वाचून दाखवला. पंधरा दिस टोचनीची जागा भिजवायची न्हाई, खाली बसायचं न्हाई, दीड महिना वजन उचलायचं न्हाई. सारिका आन सत्यम तळेगावला गेल्यावर अंबू म्हणाली, भाऊजींनी तर लिवलंय कागद वाचायचा नसतो. डॉक्टरांना सगळ्यांना तेच द्यावं लागतं.

मंगळवारी गोरखकडं लावणी हुती. तिसरा दिस उलटून गेलाय म्हणाली, इरलं घेतलं आन गेली. मी आडवा आलो तर म्हणाली, सावड फेडून येते, मंग महिनाभर खाटंवर बसवा. दोन खाचरं लावली तिनं. गुडघाभर पान्यात. सांजच्याला घरी आली ती येवढी खुश हुती की मला बी वाटलं, बरं झालं.

गुरवारपासून ताप हाय. गुडघा फुगून मडक्यायेवढा झालाय, हात लावू देत न्हाई. गरम लागतो. सत्यमला कळवू म्हणालो तर तिनं शप्पत घातली, कारन मंग चिखलात गेल्याली कळंल. ह्या रविवारी त्याला ओवरटाइम हाय, तो येनार न्हाई. पावसानं धरनाकडं फोनची रेंज बी न्हाई, आन फोनवर मला तर कायच ऐकू येत न्हाई.

अंबू म्हणती, भाऊजींना इचारा. तुज्या गुडघ्याला सूज किती दिस हुती? ताप आलता का? किती आलता? काय लावलं? तुजं उत्तर आलं की ठरवू, दवाखान्यात न्यायचं का वाट बगायची.

लवकर लिव.

रखमाजी


तुंगार्ली
११ जुलै २०२५

रखमाजी,

हे पत्र सत्यमच्या हाती देतो आहे. टपालात टाकलं तर तीन दिवस जातील आणि मला तेवढे दिवस पुन्हा गप्प बसायचं निमित्त मिळेल. तळेगावच्या दवाखान्याच्या बाकावर बसून सावकाश वाच, मग वहिनींना वाचून दाखव. त्या झोपल्या असतील तर उठवू नकोस.

मंगळवारी दुपारी तुझं पत्र हातात पडलं. त्यावर शनिवारची तारीख. म्हणजे चार दिवस तुम्ही दोघं माझी वाट बघत बसला होता. सत्यमला फोन लावला, तो कंपनीत, फोन गेटवर जमा. पुण्याच्या डॉक्टरांना लावला, त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, म्हणाले, "कशाची वाट बघताय? जवळच्या मोठ्या दवाखान्यात आत्ता न्या." मग रिक्षा केली आणि तुमच्याकडे आलो. पुढचं तुला माहीत आहे. पण तू पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होतास आणि मागे काय बोलणं झालं ते तुला ऐकू आलेलं नाही. ते सांगायला हवं.

कामशेत ओलांडल्यावर वहिनींनी डोळे उघडले. अंगाची भट्टी झाली होती. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा बी असाच फुगलेला का?"

मी हो म्हणालो.

"मग उतरंल," म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

रखमाजी, माझा गुडघा फुगला नव्हता. त्यात कुणी काही घातलंच नाही.

बारा जूनला मी पुण्याला गेलो हे खरं. टेबलावर झोपलो हेही खरं. पोटाला तांबडं औषध फासलं, नर्सने हिरवं कापड टाकलं, डॉक्टर म्हणाले आता थोडं टोचेल. मी म्हणालो, लघवीला जाऊन येतो. बाहेर जाऊन सदरा चढवला, मागच्या जिन्याने उतरलो आणि लोणावळ्याची एसटी पकडली. पोटावरचं औषध सदऱ्याला लागलं होतं. अरुंधतीने तो तीन पाण्यांतून काढला आणि मला एका शब्दाने विचारलं नाही. तुझं सात जूनचं पत्र त्याच सदऱ्याच्या खिशात होतं. खरं लिव असं तू त्यात लिहिलं होतंस.

मी स्वतःला सांगितलं, की मी पळून आलो असं लिहिलं तर वहिनी घाबरतील आणि त्यांचं दुखणं तसंच राहील. हे कारण मला चार दिवस पुरलं. खरं कारण लाज होती. शाळेत तू माझ्या वहीतलं उतरवून घ्यायचास, कधी तपासून पाहिलं नाहीस. तसं अजून कुणीतरी आपल्याला मानतं, ते मला सोडवलं नाही. आणि तुम्ही प्रत्यक्षात तिथवर जाल असं मला वाटलं नव्हतं.

चरबी कशी दिसते ते मी पाहिलेलं नाही. मुंगी, चहा, आमरस, सगळं बसल्याजागी रचलं. तिसरा दिवससुद्धा. दुसरा लिहिला असता तर खोटा वाटला असता म्हणून तिसरा लिहिला. कागदाबद्दलचं ते वाक्य लिहून झाल्यावर मी दोनदा वाचलं होतं. मला ते आवडलं म्हणून.

सत्तावीसला सगळं थांबवता आलं असतं. सत्यमचा नंबर माझ्याकडे आहे. फोन हातात घेऊन मी गच्चीत गेलो. तो उचलेल, काका का नको असं विचारेल, आणि मला सांगावं लागेल, या विचाराने परत खाली आलो आणि तुला ते अर्धवट पत्र लिहिलं. शनिवारच्या आत ते पोचणार नाही, हे पेटीत टाकताना मला माहीत होतं. टाकल्यावर मी माझं कर्तव्य केलं असं मला वाटलं, यावर तुझा विश्वास बसणार नाही, पण वाटलं.

काल गुरुपौर्णिमा झाली. जुने विद्यार्थी पेढे घेऊन आले आणि पाया पडले. उठून आत जावं असं फार वाटलं. पण खुर्चीतून उठायला मला वेळ लागतो, तोवर ते वाकून मोकळे होत होते.

कोरफड अजून पाटावरच आहे. ती कधी उतरलीच नव्हती.

दवाखान्याच्या फाटकाशी उद्या चार वाजता उभा राहीन. बोलावलंस तर आत येईन.

त्र्यंबक


तळेगाव, दवाखाना
१७ जुलै २०२५

(त्र्यंबककाका, लिहिते आहे सारिका, पण बोल सगळे सासूबाईंचे आहेत. एकही शब्द सुधारायचा नाही अशी ताकीद आहे.)

मास्तर भाऊजींना अंबूचा नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी बाकावर वाचलं आन दोन दिस मला सांगितलंच न्हाई काय लिवलंय ते. नीट जेवलं न्हाईत. तुमी फाटकापाशी उभं हुता ते मी खिडकीतनं बघितलं. ह्यांनी बी बघितलं. म्हणत्यात, त्याचं तोंड बघनार न्हाई. ते तुमचं तुमी दोघं बघा, पन्नास वरसाचं हाय ते. माजं ऐका.

मला रिक्षात बसायच्या आदीच कळलेलं. तुमी आमच्या दाराची पायरी चढला तवा दोनी हातांनी चौकट धरली. आदी डावा पाय टाकला, मंग उजवा वर वढून घेतला. मी तशीच चढते. बऱ्या गुडघ्याचं मानूस तसं चढत न्हाई. तरी मी रिक्षात इचारलं, कारन मला व्हय ऐकायचं हुतं. तुमी व्हय म्हणाला. त्या येळंला मला तेवढंच पायजे हुतं. ते खोटं मी तुमच्याकडं मागून घेतलं, ते तुमच्या नावावर धरू नका.

बाकीचं तुमचंच हाय. ते मी काय पुसनार न्हाई.

पन खाचरात मी माज्या पायानं गेले. कागद सारिकानं मला दोनदा वाचून दाखवलाता. एक कागद सांगतो बस, एक कागद सांगतो ऊठ. मला उठायचं हुतं, मी ऊठ म्हननारा धरला.

गुडघा धुतला. लय पू निघाला म्हणं. ताप गेलाय. रोज एक पोरगी येती आन पाय वाकवती. चार बोटं वाकतो, मंग आतनं काय तरी धरतं. डॉक्टर म्हणतो, अजून महिनाभर काय सांगता येत न्हाई. शकुबाईला बी असंच सांगितलेलं, महिनाभर थांबा.

भाऊजी, मी भ्यालेय. रात न दिस मला औंढ्याची ती खाट दिसती. हे मी ह्यांना बोलले न्हाई, त्यांना ऐकू येईल येवढं मोठ्यानं बोलायचं मंजे सगळ्या वार्डाला सांगायचं. सत्यमला बोलले न्हाई. तुमाला सांगते, कारन तुमी बी भित्रं हाय. धीराच्या मानसाला सांगून उपेग न्हाई, ते लगेच धीर देत्यात.

आता एक करा. चेष्टा न करता लिवा. त्या टेबलावर तुमी कशाला भ्याला? सुईला भ्याला म्हनशीला तर मला पटनार न्हाई.

अंबू


तुंगार्ली
२१ जुलै २०२५

अंबूवहिनींस नमस्कार.

सुईला नाही भ्यालो.

माझे वडील शेवटची नऊ वर्षं खिडकीशी एका खुर्चीत बसून होते. दर वर्षी कुणीतरी नवा उपाय आणायचं. काढा, पट्टा, तेल, मुंबईचा कुणी वैद्य. दर वेळी ते आधी आठ दिवस हसतमुख असायचे, आणि उपाय फसला की पहिल्यापेक्षा कमी बोलायचे. शेवटचा फसला तेव्हा त्यांनी मला खिडकी लावून घ्यायला सांगितली. टेबलावर झोपल्यावर मला डॉक्टरांचं ते वाक्य आठवलं, सगळ्यांचं दुखणं कमी होत नाही. माझ्याकडे हा एकच उपाय उरला होता. तो केला नाही तर तो उरलेला राहतो. म्हणून उठलो. हे मी अरुंधतीलाही काल पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, सदरा धुताना एवढं तिला समजलं होतं.

तुमचा उपाय मी असा उरू दिला नाही. तुम्ही तो केलात, तो नीट झाला होता, आणि माझ्या एका वाक्याने तो चिखलात गेला. सावडीचं, कागदाचं तुम्ही जे लिहिलंत ते वाचलं. तुमच्या मोठेपणाने मला बरं वाटलं नाही, वाटूही नये.

रखमाजीला म्हणावं, तोंड बघू नकोस, पण जेव.

शनिवारी मी तळेगावला आलो होतो. तुमच्या खोलीच्या दारापर्यंत आलो. ती मुलगी तुमचा पाय वाकवत होती आणि तुम्ही चादरीचं टोक दातांत धरलं होतं. मी आत आलो नाही. जिन्यावर बसून राहिलो, तिने "झालं, आजी" म्हणेपर्यंत.

यापुढे टपालाची वाट बघू नका. रात्री, पहाटे, केव्हाही सारिकाला सांगून फोन लावा. मी उचलेन. धीर देणार नाही.

माझ्या गुडघ्याचं काय करायचं ते मला अजून माहीत नाही आणि आज त्याची मला काळजीही नाही. मला भीती वाटते ती एवढीच, की महिना संपेल आणि तुमचा गुडघा वाकणार नाही.

त्र्यंबक